पिसांचा डायनासोर संगणकावर घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात, आचऱ्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून मी एक मायक्रोरॅप्टर घडवला. मातीचा नाही, संगणकातला. गोल फिरवून चारी बाजूंनी बघता येतो, पंख उघडमीट करता येतात. तेव्हापासून शेजारपाजारची मुलं, त्यांचे शिक्षक, कोल्हापूर-पुण्याकडचे शिकणारे, इतकंच काय दुधाचा रतीब घालणारे भाऊसुद्धा प्रश्न विचारतात. पुन्हा पुन्हा तेच टंकण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते.

मायक्रोरॅप्टर म्हणजे नेमकं काय?

चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेला छोटा डायनासोर. नाव २००० साली दिलं गेलं. शेपटीसकट लांबी हातभर-दोन हातभर, वजन साधारण गावठी कोंबडीएवढं किंवा त्याहून कमी. हातांना लांब पिसांचे पंख आणि मागच्या पायांनाही तशीच लांब पिसं, म्हणून त्याला चार पंखांचा म्हणतात. ही गोष्ट २००३ साली प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांनी लक्षात आणून दिली.

एक मौज सांगते. २०१९ साली एका मायक्रोरॅप्टरच्या पोटात अख्खी गिळलेली पाल मिळाली. डोक्याकडून गिळलेली, म्हणजे आपल्याकडचा बगळा मासा गिळतो तशी. ती पालीची जात नवीन निघाली आणि तिचं नाव ठेवलं इंद्रसॉरस. वृत्राने इंद्राला गिळलं होतं, त्या कथेवरून. आमच्याकडच्या दशावतारात राक्षसाने कुणाला गिळलं की पोरं खाली बसून टाळ्या पिटतात. त्या पोरांना हे नाव सांगून बघा.

डायनासोरला पिसं होती हे खरंच नक्की आहे का? की चित्रकारांची हौस?

नक्की आहे. १९९६ साली लिआओनिंगमधूनच सायनोसॉरॉप्टेरिक्स नावाच्या छोट्या डायनासोरची माहिती जगापुढे आली. त्याच्या पाठीवर आणि शेपटीवर लवेसारखे तंतू दगडात उमटलेले होते. पुढे दोन-तीन वर्षांत खरी दांडीची पिसं असलेले डायनासोरही तिथेच मिळाले. व्हेलोसिरॅप्टरची पिसं दगडात उमटलेली नाहीत, पण २००७ साली त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर ओळीने छोटे उंचवटे दिसले. आजच्या पक्ष्यांत पंखाची मोठी पिसं ज्या जागी हाडाला घट्ट बांधलेली असतात, तिथे असेच उंचवटे असतात. तो प्राणी टर्कीएवढा होता. सिनेमातला उघडाबोडका, माणसाएवढा, तो वेगळाच.

सगळ्या डायनासोरांना पिसं होती असं मात्र नाही. अनेकांच्या कातडीचे ठसे खवल्यांचे आहेत. तेव्हा प्रत्येकाला पिसं चिकटवत सुटू नका.

कोकणात असा जीवाश्म सापडेल का?

नाही हो. हा प्रश्न दर मे महिन्यात येतो, मुंबईची मंडळी गावी आली की. आपल्या पायाखाली जांभा आणि उत्तरेकडे त्याखाली काळा दगड. तो काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. दक्षिणेकडे तर त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेत. पिसाचा ठसा टिकायला शांत तळ्याचा बारीक गाळ लागतो आणि वर चटकन पडलेली राख असली तर उत्तम. लिआओनिंगमध्ये तसं होतं. महाराष्ट्रात डायनासोरची हाडं बघायची तर चंद्रपूर जिल्ह्याचं नाव घ्यावं लागतं. तिथल्या डोंगरगावचा इसिसॉरस प्रसिद्ध आहे, पण तो लांब मानेचा, पाला खाणारा, अवाढव्य. पिसांशी त्याचा संबंध नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्याने कुठला निवडावा?

ज्याचा सांगाडा पूर्ण मिळालाय आणि ज्याच्या रंगाबद्दल काहीतरी ठाऊक आहे असा. मायक्रोरॅप्टर, अँकिऑर्निस, सायनोसॉरॉप्टेरिक्स. यांतला शेवटचा सोपा, कारण त्याला पंखाची पिसं नाहीत, नुसती लव. नऊ मीटरचा युटिरॅनस निवडू नका. त्याच्या नुसत्या मानेला केस लावता लावता दिवाळी येईल.

सॉफ्टवेअर कुठलं? संगणक किती भारी लागतो?

ब्लेंडर. फुकट आहे आणि कायदेशीर फुकट आहे, त्याचा कोड २००२ पासून खुला आहे. माझा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड मध्यम. एवढ्यावर होतं. घाई नसेल तर यापेक्षा कमीतही होतं, फक्त पिसं सगळी एकदम पडद्यावर दाखवायची नाहीत, काम चाललंय तेवढाच भाग उघडा ठेवायचा.

सुरुवात पिसांपासून करायची की अंगापासून?

हाडांपासून. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझे पहिले तीन महिने याच चुकीत गेले.

मी आधी चिकणमातीच्या गोळ्यासारखा एक गोळा घेऊन अंग ओढून काढलं, छान गुबगुबीत, आणि त्यावर पंख बसवले. मला फार आवडला. आमच्या काकांची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. श्रावणात तिथे पाट आणून देणाऱ्यांची रांग असते. काका एकदा चहाला पडवीत आले, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काय गो, ह्येची पाखां पाठीर चिकटवलंस? खांदो खंय आसा?”

खांदा नव्हताच. मी पंख पाठीला डकवले होते, देवदूतांच्या चित्रात असतात तसे. पंख म्हणजे हात आहे ही गोष्ट मला तोंडपाठ होती आणि तरी हाताने केलं ते भलतंच. काकांनी उभ्या आयुष्यात डायनासोर पाहिला नाही, पण गणपतीच्या मागच्या दोन हातांचं मूळ कुठे लपवायचं यावर त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत.

तो गोळा मी टाकून दिला. मग सांगाड्याच्या प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून प्रत्येक हाडाची साधी नळी केली: खांद्याचं पातं, दंडाचं हाड, कोपरापुढची दोन हाडं, मनगट, तीन बोटं. त्यावर स्नायूंचे ढोबळ गोळे, त्यावर कातडी, आणि पिसं सर्वांत शेवटी. असं केलं की पिसाला जागा विचारावी लागत नाही. हाताच्या पंज्यावरची लांब पिसं दुसऱ्या बोटाच्या बाजूने निघतात, कोपर ते मनगट यांमधली मागच्या हाडावरून. ती कुठे संपतात, कशी पंख्यासारखी उघडतात, हे हाडच सांगतं.

मनगटाचं एक लक्षात ठेवा. या प्राण्यांचे तळवे एकमेकांकडे असतात, टाळी वाजवायच्या तयारीत असल्यासारखे. तळवे जमिनीकडे करून हात पुढे लोंबकळत ठेवणं ही सिनेमातली सवय, त्यांच्या सांध्यांना ते जमत नव्हतं. मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचं एक हाड होतं, त्यामुळे पंजा बाजूला घडी होऊन मागे जायचा.

पिसांचा अभ्यास कशावर करायचा? जीवाश्माचे फोटो पुरतात का?

नाही पुरत. दगडात पिसं चपटी झालेली असतात, एकावर एक दबलेली, कुठलं वर आणि कुठलं खाली ते कळत नाही. त्यासाठी जिवंत नमुना परसात फिरतोय.

रविवारी कोंबडी आणायला जाल तेव्हा एक पंख पिसांसकट द्या म्हणून सांगा. पहिल्यांदा दुकानदार तोंडाकडे बघेल. घरी आणून पंख वर्तमानपत्रावर पसरा, जमलं तर मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, नाहीतर आई ओरडते. मग कोपर सरळ करा. मनगट आपोआप सरळ होतं. पुन्हा कोपर मिटा, मनगट मिटतं. आतली दोन हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून. मी हे अर्धा तास नुसतं उघडमीट करत बसले होते. ब्लेंडरमध्ये नंतर मी मनगटाचं फिरणं कोपराच्या कोनाला बांधून टाकलं, म्हणजे एकच हाड ओढलं की अख्खा पंख उघडतो. मायक्रोरॅप्टरमध्ये हे आजच्या कोंबडीइतकं पक्कं होतं असा माझा दावा नाही, पण हालचाल डोळ्याला खरी वाटते ती यामुळेच.

मग पिसं मोजा. पंज्यावरची मोठी दहा. प्रत्येकाखाली तारीख टाकल्यासारखे आकडे लिहा आणि एकेक उपटून कागदावर क्रमाने चिकटवा. पहिल्या नजरेत सगळी सारखी दिसतात. कागदावर आली की कळतं, बाहेरच्या पिसाची दांडी एका कडेला सरकलेली आहे, पुढची पट्टी अरुंद, मागची रुंद. आत यावं तशी दांडी मध्यावर येते. मायक्रोरॅप्टरच्या उडायच्या पिसांतही अशीच अरुंद-रुंद बाजू दिसते. हा तपशील मॉडेलमधून गेला की पंख केळीच्या पानांचा वाटतो.

काम झालं की हात साबणाने धुवा. आणि कोंबडी सोडून रानातल्या पक्ष्यांना हात लावू नका, घरटी उचकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा विषय आहे तो. लांबून फोटो काढायला कुणाची ना नाही.

मग पिसं एकेक बसवायची? केसांसारखी एकदम उगवत नाहीत का?

दोन्ही. डोकं, मान, पोट इथली बारीक पिसं केसांच्या साधनाने उगवली तर चालतं. ब्लेंडरमध्ये आता वक्ररेषांचे केस असतात, कंगव्याने विंचरता येतात. पण पंख आणि शेपटी हाताने. त्याला पर्याय नाही, आणि सोपा उपाय सांगणाऱ्यांचे पंख जरा जवळून बघा.

मी सहा जातींची पिसं केली. प्रत्येक पीस म्हणजे एक अरुंद, किंचित वाकवलेला पत्रा, त्यावर पिसाचं चित्र आणि कडेचा भाग पारदर्शक. दांडी मात्र खरी नळी, कारण उजेड दांडीवर वेगळा पडतो. मग याच सहांच्या प्रती सगळीकडे. मूळ एकच असल्याने फाईल फुगत नाही आणि एका पिसाला मुरड घातली की त्या जातीच्या सगळ्यांना पडते. शेवटी काही पिसं मुद्दाम विस्कटा, एखाद्याला चीर द्या. जिवंत पक्ष्याची सगळी पिसं कधीच जागेवर नसतात.

अंगावरची पिसं बसवताना घर शाकारणाऱ्या माणसाला आठवा. कौलं वळचणीपासून आढ्याकडे चढवत नेतात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं आणि पाणी आत जात नाही. पिसांचं तेच. शेपटीकडून डोक्याकडे या. मी आधी डोक्यापासून सुरू केलं होतं आणि प्रत्येक नवीन ओळ आधीच्या ओळीखाली सरकवताना रडकुंडीला आले.

पंखात मात्र कौलांचा नियम आडवा होतो. वरून बघाल तर आतलं पीस बाहेरच्या पिसाच्या रुंद कडेवर बसलेलं असतं. पंख खाली मारला की खालून दाबलेली हवा ती रुंद कड वरच्या पिसावर घट्ट दाबते आणि फट बंद होते. हे उलटं बसवलं तर फोटोत चटकन लक्षात येत नाही, पण पक्षी निरीक्षण करणारा माणूस पहिल्या मिनिटात बोट ठेवतो. माझ्यावर ठेवलंय.

मागच्या पायांचे पंख कसे दाखवायचे? पाय आडवे फाकवून?

अजिबात नाही. कमरेच्या खोबणीत मांडीचं हाड ज्या पद्धतीने बसतं त्यात पाय सरड्यासारखे आडवे पडत नाहीत. जुन्या काही चित्रांत ते तसे पसरलेले दिसतात. पाय अंगाखालीच ठेवा, थोडेसेच बाहेर. लांब पिसं नडगीवर आणि त्याखाली घोट्यापुढच्या लांब हाडावर. जमिनीवर चालताना ही पिसं घासली जात असतील की नाही, यावर मला दोन आठवडे झोप नव्हती. शेवटी मी त्याला फांदीवरच बसवला. काजूच्या नाही, काजू तेव्हा नव्हता.

पायाच्या दुसऱ्या बोटाचं कोयत्यासारखं नख जमिनीला टेकत नाही, वर उचललेलं राहतं. एवढं विसरू नका.

रंग कुठून कळला? की तुम्हीच ठरवला?

माझ्या मनाचा नाही. पिसांमध्ये रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म पुड्या असतात, मेलॅनोसोम. लांबट असतील तर बहुधा काळा-करडा रंग, गोलसर असतील तर तांबूस. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्मांतही त्या दिसतात, मग आजच्या पक्ष्यांशी ताडून बघतात. २०१० साली अशानेच सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टे कळले, त्याच वर्षी अँकिऑर्निसची काळी-पांढरी पिसं आणि डोक्यावरचा तांबडा तुरा. मायक्रोरॅप्टरचा निकाल २०१२ मध्ये आला: काळा, आणि त्यावर निळसर झळाळी.

यात मी स्वतःहून घातलेलं असं बरंच आहे. डोळ्यांचा रंग, पायांचा रंग, तोंडाच्या आतला रंग. मॉडेलसोबतच्या माहितीत मी दोन वेगळे रकाने ठेवलेत, ‘पुराव्याने’ आणि ‘माझ्या मनाने’. एका प्रदर्शनवाल्यांनी छापताना दुसरा रकाना गाळला आणि वर मला विचारलं, पिसं जरा कमी करता येतील का, डायनासोरसारखा दिसत नाही. मी मॉडेल परत मागून घेतलं.

ती झळाळी संगणकात कशी आणता?

निळा रंग देऊन नाही. निळा दिला की प्लास्टिकचा खेळण्यातला कावळा तयार होतो. झळाळी ही रंगद्रव्याची नव्हे, थरांची करामत असते. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसते तशी. पिसाचा मूळ रंग जवळजवळ काळा ठेवा आणि वर पातळ थराचा परिणाम द्या. ब्लेंडर ४.२ पासून नेहमीच्याच मटेरियलमध्ये ती सोय आली आहे. थराची जाडी नॅनोमीटरमध्ये भरायची असते. आकडा थोडा बदलला की निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा हिरवा होतो. प्रत्येक पिसाला किंचित वेगळा आकडा दिला की जिवंतपणा येतो.

माझा नमुना होता भारद्वाज. आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सकाळी ऊन खायला बसतो, पंख अर्धे पसरून. मान काळी, पण ऊन तिरपं आलं की जांभळी-निळी. ढग आला की पुन्हा कोळसा. मी एकाच जागेवरून सात ते आठ या वेळेत फोटो काढले आणि मॉडेलवरचा उजेडही त्याच कोनातून फिरवून ताडून पाहिलं. भारद्वाजाच्या पंखांचा तांबूस रंग मात्र मॉडेलसाठी उचलू नका, मोह होतो.

हालचाल कुणाची बघावी?

पुन्हा भारद्वाज. उडायला आळशी, झुडपांतून धावत-उड्या मारत चढतो, लांब शेपटी तोल सांभाळते. फक्त मायक्रोरॅप्टरची शेपटी हाडांची होती आणि लांब हाडी काड्यांनी ताठ केलेली, त्यामुळे ती सापासारखी वळवू नका. बुडाशी वळते, पुढे काठी. दहा सांधे देऊन ठेवले तरी वापरायचे बुडाचे तीन.

डोळे कधी करायचे?

सर्वांत शेवटी. काकांच्या शाळेतही रेखणी शेवटीच होते. आधी डोळे केले की चेहरा आवडायला लागतो आणि मग जबड्यातली चूक दिसत नाही. मायक्रोरॅप्टरच्या डोळ्याभोवतीच्या हाडांच्या कड्यावरून तो रात्रीचा प्राणी असावा असं २०११ साली मांडलं गेलं. पुढच्या वर्षी झळाळी सापडली, आणि झळाळणारे पक्षी बहुतेक दिवसाचे. मी बाहुली मध्यम ठेवली.

काम चालू असताना वीज गेली तर?

जातेच. जूनमधला पहिला वारा, वर माडाची झावळ पडली की गेली. मी एकदा साडेचार तासांची पिसं घालवली आहेत, कारण नवीन फाईल एकदाही जतन न करता बसले होते. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपोआप प्रत ठेवतो, पण ती तात्पुरत्या फोल्डरात, आणि मी संगणक सुरू झाल्यावर आधी कचरा साफ करण्याचा शहाणपणा केला. आता फाईलच्या नावात आकडा वाढवत जाते, आजचा आकडा २१४ आहे. मोठं चित्र काढायला लावायचं ते रात्री, इन्व्हर्टर भरलेला असताना, आणि एकेक चौकट स्वतंत्र फाईलमध्ये. सलग चित्रफीत काढायला लावाल तर मधेच बंद पडल्यावर हातात काही राहत नाही.

थ्री-डी प्रिंटरवर खरा छापून घेता येतो का?

येतो, पण हेच मॉडेल नाही. पिसांचे पातळ पत्रे छापलेच जात नाहीत. साध्या प्रिंटरचं तोंड ०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणून मी पिसं निदान ०.८ जाड करून एकमेकांत मिसळून भरीव पंख केला आणि कडेला फक्त खाचा ठेवल्या. आणि पावसाळ्यात छापू नका. प्लास्टिकची तार कोकणातली हवा पिऊन टाकते, मग छापताना तडतडते आणि पंखाला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. पापड ठेवतो तशी झाकणबंद डब्यात ठेवा.

दुसऱ्यांच्या सांगाड्याची चित्रं गिरवली तर चालतं का?

परवानगी असेल तर. हाडांची मोजमापं कुणाच्या मालकीची नाहीत, पण चित्र काढणाऱ्याचं असतं. विचारा, नाव द्या.

एकूण किती वेळ लागला?

चुकीचा गोळा धरून अकरा महिने. त्यातले आंबा काढणीचे दोन वजा करा.

तुमच्या मॉडेलमध्ये अजून काय चुकलंय?

पंख पूर्ण मिटला की डाव्या हाताचं तिसरं बोट पिसांतून आरपार जातं. उजव्याचं जात नाही, का ते कळलेलं नाही. शेपटीच्या टोकाची पिसं मी जरा जास्तच रुंद केली होती, ती आता काढून पुन्हा बसवतेय, शेपटीकडून सुरुवात करून. आणि काकांनी परवा पुन्हा बघितला. खांदा बरा आहे म्हणाले. मान थोडी आखूड वाटते.